गाळलेलं कडवं

"काका, शेवटचं कडवं हस्तलिखितात आहे, मासिकात मात्र नाही. कवींनी ते का गाळलं असेल?" मुक्ताने विचारलं. नोकऱ्या सांभाळून, पदरमोड करून या एका कवितेचे सगळे पाठ ताडून पाहणाऱ्या सहा जणांच्या मंडळातली ती एक. गाळण्यामागे कवीचं खोल चिंतन होतं, यावर सहाही जणांचं एकमत होतं.

शिंत्रेकाकांनी सावकाश चष्मा पुसला. छापखान्यात पस्तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवताना त्यांनी कुणाचं गुपित फोडलं नव्हतं. पण हे तर स्वतःचंच होतं.

"मी गाळलं. पान बांधून झालं आणि मालक दंतमंजनाची जाहिरात घेऊन आले. चार ओळींची जागा हवी होती. तसंही त्या कडव्यात आधीचंच पुन्हा सांगितलं होतं."

"आणि कवी?"

"तावातावाने आले. छापलेली कविता उभ्याउभ्या दोनदा वाचली. मग खुर्ची ओढून चहा मागवला."

आता ही हसून उठणार, असं काकांना वाटलं. पण मुक्ता पिशवीतून कवीच्या नंतरच्या संग्रहाची जुनी प्रुफं काढत होती. ही कविता संपते तिथे समासात कवीच्या अक्षरात शेरा होता : 'छापखानेवाल्याचंच बरोबर.' त्याचा अर्थ मंडळाला तीन महिने लागत नव्हता.

तिने तळटीप लिहून वाचून दाखवली. "'शेवटचं कडवं कंपोझिटर रघुनाथ शिंत्रे यांनी गाळलं. कवीने ते मान्य केलं.' चालेल?"

"चालेल. जरा मोठ्याने वाच," काका म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "अगं, तो मिक्सर बंद कर! मुक्ता माझी तळटीप वाचतेय."