बाटलीतला गाळ

नालीचं पाणी मोहल्ल्याच्या विहिरीत झिरपायचं. पटकीने तय्यब पिंजाऱ्याची थोरली लेक गेली. धाकटी अजून तेच पाणी पीत होती. तीन सभांना तो नाली दुरुस्तीचा अर्ज आणि विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन म्युनिसिपालिटीत गेला. तिन्ही वेळा ओसरीवर ताटकळताना गाळ तळाशी बसला, आणि “पाणी तर निवळशंख आहे!” म्हणत मेंबरांनी अर्ज बाजूला सारला. म्हणून आज तो सकाळपासून बाटली हलवतच बसला होता. “काय तय्यबभाई, ताक घुसळून राह्यले काय?” कारकून हसला. तय्यबही हसला, हात मात्र थांबला नाही. कापूस पिंजून कसलेला तो हात दुपारपर्यंत खांद्यातून भरून आला. अखेर कारकून बाहेर आला. “निम्मे मेंबर शेलूबाजारले लग्नाले गेले. सभा पुढच्या महिन्यात. बाटली ठिवून जा, मी दाखवतो.” तय्यबने बाटली पुढे केली. “बाबूजी, महिनाभर हिले हलवन कोन?”