मुंडक्यातला दगड

शामकलाआजीच्या ताटात माशाचं मुंडकं पडलं आणि रचनाच्या हातातला भाताचा डाव हवेतच राहिला.

मुंडकं तिचं होतं. म्हणजे तिनंच रत्नागिरीहून थर्माकोलच्या डब्यात, बर्फात घालून गावी केशोरीपर्यंत आणलेलं. ती तिकडं समुद्री माशांचा अभ्यास करते. एखादा म्हातारा हेकरू मासा मिळावा म्हणून वर्षभर बंदराच्या चकरा मारत होती, आणि मेला आला तो नेमका सुट्टीला निघायच्या सकाळी. मुंडकं घेऊन ती तशीच गाडीत बसली. घरी येऊन ते फ्रिजमध्ये ठेवलं आणि झोपली. आईला, अल्काबाईंना, सांगायचं राहूनच गेलं. आता अल्काबाईंना काय स्वप्न पडणार? कामठ्याहून मुलगा हिमांशू आणि त्याची शामकलाआजी पोरगी पाहायला आलेले, आणि फ्रिजमध्ये एवढं थोरलं मुंडकं. मुंडकं म्हणजे पाहुण्याचा मान. त्यांनी टमाटर घालून झणझणीत रस्सा केला.

हेकरूच्या डोक्यात, कानाच्या जागी, चिंचोक्याएवढे दोन पांढरे दगड असतात. झाडाच्या खोडासारखं त्यात दर वर्षाला एक कडं पडतं. शिजवलं तरी ती कडी मोजून वय कळतं, पण दगड दाताखाली गेला की संपलं. हा मासा तीस-चाळीस वर्षं जगतो. पण जाळ्यात मोठेच आधी जातात, त्यामुळं म्हातारे आता फारसे दिसत नाहीत. रचनाला वर्षभरात मिळाला तो हा एकच.

आजी मन लावून मुंडकं चोखत होती. बोलावं तर सोयरीक जाते, गप्प बसावं तर वर्ष जातं. समोर हिमांशू नवा शर्ट घालून बसला होता बिचारा. रचनानं त्याच्याकडं धड पाहिलंही नाही.

आजीच्या तोंडात कटकन काहीतरी वाजलं.

“आजी, चावू नका. तोंडातला थो दगड मले पाह्यजे.”

अल्काबाईंनी कपाळाला हात लावला. रचनानं मग एका दमात सगळं सांगून टाकलं. हेकरू आधी मादी असतो आणि वय झाल्यावर नर होतो, हेही सांगितलं. ते ऐकून हिमांशूला ठसका लागला. आजीनं तोंडातून दगड काढला, धुतला आणि तिच्या हातावर ठेवला. अख्खा होता. वाजलं ते हाड होतं. रचनाला रडूच आलं.

दुसरा मात्र सापडेना. हिमांशूनं नव्या बाह्या वर सारून आजीचं ताट आणि रश्शाचं पातेलं, दोन्ही चिवडलं. कोपरापर्यंत रस्सा, पण गडी हटला नाही. तेव्हा कुठं रचनानं त्याच्याकडं नीट पाहिलं. तिला तो आवडला.

निघताना आजीनं तिला जवळ बोलावलं आणि पदराची गाठ तिच्या हाताला लावली. आत काहीतरी टणक होतं.

“पयल्याच घासाले भेटला होता. तू पोराले सोडून माह्या ताटाकडं पाहून राहिली होतीस, तवाच म्हणलं, हे काहीतरी कामाचं आहे. येक तुले देल्ला. दुसरा कामठ्याले भेटन, सून होऊन येशील तवा.”