चौकातला दगड

पॅरिसला राजाचं राज्य गेलं, तसे आमचे महापौर पेलिसिये धावतच आले. "फुलजांस, चौकातल्या राजाच्या या दगडी पुतळ्यापायी माझी मान जाईल! त्याची स्वातंत्र्यदेवी करून टाक." मी छिन्नी-हातोडा घेऊन मुकुटाची टोपी केली, पोट तासून कंबर काढली.

दहा-बारा वर्षांनी पुन्हा तेच महापौर, छातीवर नवं पदक. "आता सम्राट आलेत. देवीचा सम्राट कर, आजच्या आज!"

टोपी उतरवली, झगा छाटला. छाती सपाट करायची म्हणजे सगळंच बारीक करावं लागलं. सम्राट जेमतेम माझ्या कमरेला लागला.

"अरे, एवढासाच?" महापौर किंचाळले.

"दगडच तेवढा उरलाय, साहेब. पुढच्या राज्यात चौथऱ्यावर तुम्हीच उभे राहा.

"तुमचा अजून टवकासुद्धा उडालेला नाही."