अडलेला शब्द

मी शाळा सोडली म्हणून आई भडकून मिरजेला मामाकडे निघून गेली. फोनवरही माझ्याशी बोलेना. बाबा लष्करात, युनिटबरोबर बाहेर; लखनऊच्या क्वार्टरमध्ये मी एकटा. लोणचं संपलं, म्हणून तिचं मराठी पाककृतींचं पुस्तक काढलं. हिंदीत शिकलेलो, त्यामुळे अडखळत वाचलं: "फोडणी निवल्यावर कैरीवर ओता." निवल्यावर म्हणजे काय, कोणाला विचारणार? धूर निघत असतानाच ओतली. मसाला काळा पडला. वैतागून सगळं फेकलं. मग पुढची ओळ दिसली: "गरम फोडणीने मसाला जळतो." अच्छा, म्हणजे थंड झाल्यावर! तरीही तेलीबागच्या पीसीओत जाऊन मिरजेला फोन लावला. "मामा, आईला सांग, मी पुस्तक वाचतोय. एक शब्द अडलाय." आई लगेच फोनवर आली. "कोणता?" "निवल्यावर." "अरे गाढवा, फोडणी का? कढई उतरवायची, चटका बसेनासा झाला की निवली. कळलं?" "नाही कळलं. परत सांग ना."