नावाच्या पट्ट्या

डॉक्टरांनी फार तर दोन महिने सांगितले, तेव्हा कावेरीबाईंनी गावाहून आणलेलं आपलं पितळी सामान चिंचेने लखलखीत घासून मुलाच्या आखातातल्या घरी, अल रीमच्या त्या एकविसाव्या मजल्यावर, टेबलावर मांडलं. प्रत्येक वस्तूच्या बुडाला पट्टी चिकटवून नाव लिहिलं. पुरणयंत्र सुनेला, प्रज्ञाला. समई नातीला, आभाला. आणि नवऱ्याने जन्मभर कीर्तनात वाजवलेल्या झांजा मुलाला, वेदांगला.

"आई, हे काय आत्तापासून?" वेदांग म्हणाला.

"अरे, कीर्तन संपताना प्रसाद वाटतात ना, तसं समज. पण नको असेल तर आत्ताच सांगा हं. मी रागावणार नाही. उगाच कुणा परक्याच्या दारात जायला नको."

"असं कसं, आई! दर होळीला ह्यातूनच पुरण काढीन," प्रज्ञा म्हणाली. आभाने तर मिठीच मारली. "आजी, आय विल लाइट इट एव्हरी डे. प्रॉमिस!"

त्या रात्री कावेरीबाईंना किती दिवसांनी शांत झोप लागली.

दोन दिवसांनी घरात त्या एकट्याच असताना शेजारची ईश्वरी मोबाइल नाचवत आली. "काकू, बिल्डिंगच्या मराठी ग्रुपवर प्रज्ञाने फोटो टाकलाय ना, त्यातली समई मीच बुक केली हं! पण तुम्ही सगळे इंडियाला परत निघालात की काय?"

कावेरीबाईंनी चष्मा लावून फोटोखालची ओळ वाचली.



"पितळी सामान, सगळं फ्री. पण दोन महिन्यांनी घेऊन जा, प्लीज."