दर्यापूरहून पायी आलेली मांजर

टेम्पोत शेवटचं कपाट चढलं तरी आरती मांजरीला हातातून सोडत नव्हती.

"तिले खाली ठेव अन् गाडीत बस," खुशालराव म्हणाले.

"तिले पिल्लं होणार हायेत, बाबा."

"मालूम हाय मले. घरमालकाची एकच अट हाय, घरात जनावर नाई पाह्यजे. पुंजारामकाका सांभाळतीन तिले."

शेजारचे पुंजाराम ओसरीवर उभे होते. अकरा वर्षांच्या आरतीनं गवळणीला त्यांच्या हाती दिलं. दुधाचं भांडं वाजलं की जिथं असेल तिथून धावत यायची, म्हणून तिचं नाव गवळण. डावा कान टोकाशी फाटलेला, आणि त्या दिवाळीत पहिल्यांदाच पोट जड झालेलं. आरतीनं तिच्यासाठी जुन्या साडीचं अंथरूण करून ठेवलं होतं. ते रिकाम्या घरात तसंच राहिलं.

खुशालरावांची बदली अकोल्याला झाली होती. जठारपेठेत उत्तमरावांच्या घरी वरच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. उत्तमराव शब्दाचे पक्के. आधीच्या भाडेकरूला त्यांनी पोपट पाळला म्हणून घर सोडायला लावलं होतं.

आरती रडली नाही. तिनं बापाशी बोलणं बंद केलं. ते समोर बसलेले असले तरी ती आईला म्हणायची, "बाबाले सांग, चहा झाला." मनकर्णा दोघांचे निरोप पोचवून थकून गेली. नव्या शाळेत पोरीला मैत्रीण मिळाली नाही. डबा अर्धा परत यायचा.

खुशालराव दर रविवारी शेत पाहायला दर्यापूरला जात. कापसाची वेचणी चालली होती. तिसऱ्या रविवारी परतले तेव्हा दोन्ही मनगटांवर ओरखडे होते.

"कुंपणाचे काटे लागले," त्यांनी मनकर्णाला सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् पुंजाराम म्हणे, मांजर चार दिवसांपासून दिसली नाई."

आरती आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

सोमवारी सकाळी उत्तमरावांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, दूध घ्यायला फाटक उघडलं तर पायरीवर एक मांजर बसलेली. अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले, पोट पायरीला टेकलेलं. त्या हाकलणार तेवढ्यात आरती जिन्यावरून धावत आली आणि फाटका कान पाहून तिच्याशेजारी बसली.

"गवळण हाय," ती म्हणाली. "दर्यापूरहून आली."

गल्ली जमा झाली. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, मधे पूर्णा नदी. कपाशीच्या शेतांतून आली असंल, पुलावरून आली असंल, कुत्र्यांना चुकवलं असंल. जो तो तिच्या वाटेतला एकेक टप्पा सांगू लागला.

खुशालराव शर्टाची बटणं लावत खाली आले. त्यांनी मांजरीकडे नीट पाहिलंही नाही.

"मालक, तुमची अट ध्यानात हाय माह्या," ते म्हणाले. "आजच परत सोडून येतो तिले."

वच्छलाबाईंची मुलगी त्याच महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली होती. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"घरात आपली पोर दिवस मोजून राहिली," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अन् एवढ्या दुरून पायी आलेल्या पोटुशीले आपण दारातून धाडाचं? मले नाई जमणार."

उत्तमरावांनी वाकून मांजरीकडे पाहिलं. सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"बाळंतपण होऊ द्या," ते शेवटी म्हणाले. "मंग पाहू."

चौथ्या दिवशी व्हरांड्यातल्या बंद कूलरमधून बारीक आवाज आले. आरतीनं मागची जाळी काढली. आतल्या सुक्या गवतावर पाच पिल्लं होती, डोळे मिटलेली, ओली. गवळण एकेकाला सावकाश चाटत होती, जणू आजवर हेच करत आली होती. आरतीनं हात पुढे केला तरी ती गुरगुरली नाही.

आरती जिना चढून वर गेली आणि जवळजवळ महिन्यानं थेट बापासमोर उभी राहिली.

"बाबा, पाच झाले."

"पाच?" खुशालराव म्हणाले आणि टॉवेलनं बराच वेळ तोंड पुसत राहिले.

पुढचा महिनाभर उत्तमराव व्हरांड्यात काठी घेऊन बसत, बोक्यापासून पिल्लं राखायला. 'मंग पाहू'ची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. गवळण त्या घरात नऊ वर्षं राहिली. पाहुण्यांना तिची ओळख करून देताना उत्तमराव तिचं नाव सांगत नसत. "पायी आली दर्यापूरहून," एवढंच म्हणत.

आरती शाळेच्या मैदानावर धावू लागली. दम लागला की तिला पायरीवरची गवळण दिसायची. पोटात पाच जीव घेऊन ती एवढं चालली, मग आपण का थांबावं? आधी पाच किलोमीटर, मग दहा, मग एकवीस. या जानेवारीत अमरावतीला बेचाळीस किलोमीटरची शर्यत होती. पस्तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्या दगड झाल्या. ती थांबली नाही. बायकांमध्ये ती पहिली आली.

दर्यापूरनं तिचा सत्कार ठेवला. तिनं माइकवरून गवळणीची सगळी गोष्ट सांगितली. मांडव उठून टाळ्या वाजवत होता. पहिल्या रांगेत खुशालराव मात्र चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होते.

ती खाली उतरल्यावर देवमन पुढे आला. दर्यापूर-अकोला रस्त्यावर पंचवीस वर्षं जीप चालवलेला माणूस. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"लय मोठी झाली तू, बाई. पन थे मांजर माह्याच जीपमधी आली. तुह्या बाबानं पोत्यात घालून मांडीवर धरली होती. जठारपेठेच्या कोपऱ्यावर उतरले, पोतं सोडलं अन् मले म्हणे, देवमन, आता ही पायी आली."