फ्रिजचं दार

"अगं, दार लाव! वीज जाते!" बायकोने फ्रिज उघडला की मी बाहेरच्या खोलीतून ओरडायचो. ती मुकाट्याने लावायची.

गणपतीला आठ दिवस गावी निघालो, तेव्हा मी शहाण्याने घराचा मेन स्विचच बंद केला. तिकडे रोज आरतीनंतर भावकीला ऐकवत होतो, "आमचं मीटर सध्या झोपलंय!"

परत येऊन कुलूप काढलं आणि वासच आला. बायकोने हिवाळ्यात सोलून वर्षभरासाठी फ्रीजरमध्ये भरलेले मटार पिशव्यांतून पाझरत होते. तिने ते फेकले, फ्रिज सोड्याने तीनदा पुसला.

सवयीने मी दार लावायला गेलो.

"राहू द्या उघडं," ती म्हणाली. "वास जाईपर्यंत पुठ्ठ्याने वारा घाला. त्याला वीज लागत नाही."